कोनाडा कोणाचा?

जुन्या मातीच्या घरांच्या भिंती हातभर रुंद असत आणि त्यांत कोनाडे असत. दिव्याचा कोनाडा वेगळा, पोथीचा वेगळा, दाराजवळचा किल्ल्या आणि अडकित्ता ठेवण्याचा वेगळा. वस्तू अनेक आणि भिंत एकच. तरी एकीचा दुसरीला अडथळा होत नसे, कारण प्रत्येकीची जागा ठरलेली होती. पाश्चात्त्य जीवशास्त्राने नेमकी हीच कल्पना उचलली. भिंतीतल्या कोनाड्यासाठी असलेला शब्द जोसेफ ग्रिनेल या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये कॅलिफोर्नियातील एका पक्ष्याविषयी लिहिताना वापरला, आणि १९२७ मध्ये इंग्लंडच्या चार्ल्स एल्टन यांनी त्या शब्दाला कार्याचा अर्थ दिला. एखाद्या जीवाचा कोनाडा म्हणजे तो कुठे राहतो एवढेच नव्हे. तो काय खातो, केव्हा खातो, कोणाचे भक्ष्य होतो, थोडक्यात रानाच्या त्या संसारात त्याचे काम कोणते, हे सारे त्यात आले.

या कल्पनेतून एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. सारखीच भूक असलेले जीव एकाच रानात कसे नांदतात, हा त्याचा शास्त्रीय भाग झाला. त्यांच्या नांदण्यापासून माणसांनी काही नीती शिकावी काय, हा त्याचा दुसरा भाग; आणि प्रस्तुत निबंधाचा विषय मुख्यतः तोच आहे. सौंसर-पांढुर्ण्याच्या आपल्या पट्ट्यात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. सातपुड्याच्या या उतारावर गोंडी, पवारी, वऱ्हाडी वळणाची मराठी आणि हिंदी या भाषा पिढ्यानुपिढ्या एकमेकींच्या शेजारी राहिल्या आहेत, आणि आपली घराणी बाहेरून येऊन इथली झाली आहेत. 'आपल्याकडे सगळे कसे आपापल्या जागी सुखाने नांदतात' हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकले आहे. ते कितपत खरे आहे, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहू. १९३४ मध्ये मॉस्कोच्या गेओर्गी गाऊझे या तरुण संशोधकाने पॅरामिशियम या सूक्ष्म जीवाच्या दोन जाती काचेच्या नळ्यांत वाढविल्या. वेगवेगळ्या नळ्यांत दोन्ही उत्तम वाढत होत्या. एकाच नळीत, एकाच अन्नावर ठेवल्या, तेव्हा काही दिवसांतच एक जात वाढत गेली आणि दुसरी नाहीशी झाली. मात्र त्याने पराभूत झालेल्या जातीबरोबर एक तिसरीच जात ठेवली, तेव्हा दोन्ही टिकल्या. कारण एक वरच्या भागात तरंगणाऱ्या जिवाणूंवर जगत होती आणि दुसरी तळाशी बसलेल्या यीस्टवर. यावरून जो नियम पुढे रूढ झाला तो असा: दोन जातींची गरज तंतोतंत एकच असेल, तर त्या एका जागी कायम राहू शकत नाहीत, राहत असतील, तर त्यांनी कुठेतरी, कशाची तरी वाटणी केलेली असते.

या वाटणीचे उदाहरण आपल्या अगदी शेजारी आहे. पेंच नदी आपल्याच छिंदवाड्याच्या डोंगरात उगम पावते आणि शेवटी कन्हानला मिळते. तिच्या काठचे, सिवनी आणि छिंदवाडा जिल्ह्यांत पसरलेले जंगल १९९२ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. वाघ, बिबट्या आणि रानकुत्रा, ज्याला आपल्याकडे कोळसून म्हणतात, हे तिघेही मांसाहारी आणि तिघांनाही चितळ प्रिय. तरी तिघे तिथे नांदतात. हे कसे घडते याचा एक काटेकोर अभ्यास उल्हास कारंथ आणि मेल्विन सनक्विस्ट यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे केला आणि तो १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे वाघाच्या मुख्य भक्ष्याचे सरासरी वजन ९१.५ किलो भरले, रानकुत्र्याच्या भक्ष्याचे ४३.४ किलो आणि बिबट्याच्या भक्ष्याचे ३७.६ किलो. वाघाचा ओढा गवा आणि सांबर यांच्याकडे, इतर दोघांचा मध्यम आकाराच्या जनावरांकडे. त्यातही रानकुत्री दिवसा, कळपाने, पाठलाग करून शिकार करतात, तर बिबट्या एकटा, दबा धरून, बहुधा अंधारात. आणि मारलेले जनावर झाडावर ओढून नेण्याची सोय त्याला आहे. रान एक, पण ताटे वेगळी, वेळा वेगळ्या आणि रीतही वेगळी. अर्थात ही वाटणी टिकते ती रानात मोठी आणि लहान अशी दोन्ही प्रकारची जनावरे भरपूर असतील तोवरच, हेही त्या अभ्यासातून स्पष्ट होते.

शेतकऱ्याला हे तत्त्व कोणी शिकवावे लागले नाही. ज्वारीत तूर, कापसाच्या काही तासांनंतर तुरीचा एक तास, ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे. ज्वारीची मुळे तंतुमय, फार खोल न जाणारी. तुरीचे सोटमूळ खोल जाणारे. ज्वारी झपाट्याने उंच होते आणि दिवाळीनंतर निघून जाते; तूर आरंभी हळू वाढते आणि ज्वारी निघाल्यावर मोकळ्या झालेल्या उन्हात पसरते. शिवाय तुरीच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. दोघींनी पाणी वेगळ्या थरातून घेतले, ऊन वेगळ्या महिन्यात घेतले. म्हणून एका शेतात दोन पिके आली. उलट शिवारात सर्वत्र संत्र्याच्याच बागा असल्या, की सर्वांना एकाच ऋतूत, एकाच भूजलातून, सारखेच पाणी हवे असते. उन्हाळ्यात शेजाऱ्याच्या बोअरची खोली विचारण्याची जी चढाओढ लागते, तिचे मूळ वैरात नसून सारखेपणात असते.

इथवर सारे सुंदर आहे, आणि म्हणूनच इथे सावध होणे आवश्यक आहे. कारण यातून एक नीतिपाठ काढण्याचा मोह अनावर होतो: निसर्गात प्रत्येकजण आपापल्या जागी राहतो म्हणून शांतता नांदते, माणसांनीही तसेच राहावे. ऐकायला हा विचार समंजस वाटतो. पण आपल्या समाजाने हा प्रयोग शतकानुशतके करून पाहिलेला आहे, आणि त्याचा शास्त्रीय अभ्यासही महाराष्ट्रातच झालेला आहे.

पुण्यात जन्मलेले परिस्थितिकीतज्ज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलास मल्होत्रा यांनी १९८० च्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातील भटक्या समाजांचा अभ्यास केला. फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले हे तिन्ही समाज एकाच कोरड्या मुलखात फिरत आणि तिन्ही शिकारीवर बऱ्याच अंशी अवलंबून असत. तरी त्यांची शिकार एक नव्हती. फासेपारधी फासे लावून हरणे आणि तितर-लाव्यांसारखे पक्षी धरीत. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे जात. वैदू सापळ्यांत मुंगसासारखे लहान मांसाहारी प्राणी पकडीत आणि पाण्यातली कासवे धरीत. सह्याद्रीच्या माथ्यावर म्हशी राखणारे गवळी धनगर आणि खालच्या खोऱ्यात शेती करणारे कुणबी यांच्यातही अशीच वाटणी त्यांना आढळली. लोणी वरून खाली यायचे, धान्य खालून वर जायचे. एका जातीला एक साधन पिढ्यानुपिढ्या राखून ठेवलेले असले, की ते साधन उधळून टाकण्याची घाई तिला नसते, कारण उद्या ते दुसरा कोणी नेणार नसतो; म्हणून या रचनेत निसर्गाचा वापर संयमाने होण्यास वाव होता, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९८३ च्या त्यांच्या निबंधाने जातिव्यवस्थेकडे परिस्थितिकीच्या दृष्टीने पाहण्याची वाट मोकळी केली.

हे निरीक्षण मोलाचे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण निरीक्षण आणि समर्थन यांत अंतर असते. रानातील जीवांनी काय साधले हे मोजताना आपण जातीचा हिशेब करतो. बिबट्याची जात टिकली, एवढे पुरते. माणसांच्या बाबतीत हिशेब एकेका माणसाचा करावा लागतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये, लाहोरच्या न झालेल्या भाषणात, श्रमविभागणीच्या नावाने जातीचे समर्थन करणाऱ्यांना जे उत्तर दिले त्याचा आशय हाच होता. कामे वाटून घेणे वेगळे आणि काम करणाऱ्या माणसांनाच कप्प्यांत कोंडणे वेगळे. शिवाय हे कप्पे एका रांगेत मांडलेले नसून एकावर एक रचलेले आहेत, आणि कोणाला कोणता कप्पा मिळावा हे ठरवताना त्याची आवड किंवा कुवत कधीच विचारली गेली नाही. वैदूच्या घरी जन्मलेल्या मुलाला वीणकाम आवडले असते, तर त्याने काय करायचे होते? बिबट्याच्या पिल्लाला हा प्रश्न पडत नाही. माणसाच्या मुलाला पडतो, आणि नीतीची सुरुवात त्या प्रश्नापासून होते.

कोनाडा मोडला तेव्हा काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. त्या कायद्यांच्या परंपरेत पारध्यांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण गावाच्या मनातला शिक्का पुसला गेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली. हरणे वाचविणे आवश्यकच होते. परंतु ज्याला पिढ्यानुपिढ्या एकच कोनाडा दिला आणि दुसऱ्याच्या दाराशी उभेही राहू दिले नाही, त्याचा तो कोनाडा बंद करताना त्याने आता कुठे जावे, याचे उत्तर देण्याची जबाबदारीही समाजावर येते. ती आपण पार पाडली असे म्हणण्याचे धैर्य कोणाला होईल असे वाटत नाही. एकाच कोनाड्यावर जगणे निसर्गातही धोक्याचे असते; एकच अन्न खाणारा जीव अन्न संपले की संपतो. माणसाच्या बाबतीत हा धोका त्याने स्वतः पत्करलेला नव्हता.

मग प्रश्न असा येतो, की एखादी वाटणी गुण्यागोविंदाची आहे की दडपणाची, हे बाहेरून पाहणाऱ्याला कसे कळावे? दोन्हींत भांडण दिसत नाही. याचे उत्तर देणारा एक अतिशय साधा प्रयोग जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर केला आणि १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील खडकांना दोन जातींचे लहान कवचधारी जीव कायमचे चिकटून राहतात. एक जात खडकाच्या वरच्या, कोरड्या पडणाऱ्या भागावर दिसते, दुसरी खालच्या, ओल्या भागावर. पाहणाऱ्याला वाटावे, की एकीला कोरडे आवडते, दुसरीला ओले. कॉनेल यांनी काही ठिकाणी खालची जात खरवडून काढली. तेव्हा वरच्या जातीचे जीव खालच्या ओल्या भागातही व्यवस्थित जगले. त्यांना कोरडे आवडत नव्हते. खाली जोमाने वाढणारी दुसरी जात त्यांना उखडून, चिरडून टाकत होती, म्हणून ते वर उरले होते. खालच्या जातीला मात्र वर जगता येत नव्हते, कारण कोरडेपणा तिला सोसत नव्हता. म्हणजे जीव जिथे जगू शकतो तो कोनाडा एक, आणि शेजाऱ्याच्या दडपणामुळे प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला येतो तो दुसरा.

असे आपल्याकडेही आढळते. उत्तराखंडातील राजाजी राष्ट्रीय उद्यानाच्या चिल्ला भागात वाघांची संख्या वाढत गेली तसे बिबटे कमी होत गेले, आणि उरलेल्या बिबट्यांच्या आहारात पाळीव जनावरांचे प्रमाण वाढले, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. गावाच्या कडेला आलेला बिबट्या पाहून आपण म्हणतो, त्याला शेळ्यांची चटक लागली आहे. पुष्कळदा तो आलेला नसतो, लोटलेला असतो.

कॉनेल यांचा हा खडक माणसांच्या वाटणीलाही कसोटी म्हणून वापरता येतो. एखाद्याच्या जागेविषयी 'त्याला तेच आवडते' असे म्हणण्यापूर्वी विचारावे: दडपण काढले तर तो तिथेच राहील काय? जातींच्या व्यवसायांबाबत ही कसोटी स्वतंत्र भारतात लागली. शाळेचे दार आणि नोकरीची वाट थोडीफार खुली झाली, आणि ज्यांना आपले पिढीजात काम 'आवडते' असे सांगितले जात होते त्यांची मुले पहिल्या संधीला तिथून निघाली. एरवी कोणाचेही म्हणणे ऐकून न घेणाऱ्या व्यवस्थेला मिळालेले ते उत्तर होते.

आता ही कसोटी आपल्या स्वतःच्या घराला लावू. आपण मराठी घराणी या मुलखात आलो त्याआधी हे देवगडच्या गोंड राजांचे राज्य होते. नागपूर वसविणारा बख्तबुलंद याच घराण्यातला, आणि बाहेरचे शेतकरी व कारागीर यांना त्याने आपल्या राज्यात उत्तेजन दिले असे इतिहास सांगतो. पुढे १७४३ च्या सुमारास रघूजी भोसल्यांची सत्ता स्थिर झाली आणि मराठी वस्ती वाढत गेली. कन्हान आणि जाम यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन मुख्यतः कुणबी, पवार आदी शेतकऱ्यांच्या नांगराखाली आली. डोंगरउतार, कोदो-कुटकी आणि मोह हे गोंडांकडे राहिले. दोन-अडीचशे वर्षे आपण ही वाटणी नैसर्गिक मानली. गोंडाला डोंगर आवडतो, रानात त्याचे मन रमते, असे आपण मोठ्या कौतुकाने म्हणतो. तो डोंगरावर आवडीने राहिला की खालचा ओला खडक व्यापला गेला म्हणून वर उरला, हे आपण फारसे विचारले नाही. पुढे १८७८ च्या वनकायद्याने रान राखीव होऊ लागले आणि तो वरचा खडकही त्याचा राहिला नाही. त्या जमिनीवरील त्याचा हक्क कायद्याने मान्य होण्यास २००६ साल उजाडावे लागले.

इथे कॉनेल यांचीच दुसरी सूचना ध्यानात ठेवली पाहिजे. १९८० मध्ये त्यांनी असे बजावले, की आज दिसणारी प्रत्येक वाटणी जुन्या स्पर्धेतूनच आली असे पुराव्यावाचून म्हणू नये. गतकाळच्या स्पर्धेचे भूत जिथे तिथे पाहणे हेही शास्त्र नव्हे. म्हणून आपल्या पूर्वजांनी जाणूनबुजून कोणाला लोटले, असा सरसकट आरोप करण्याचे कारण नाही. पुष्कळजण दुष्काळ, कर्ज किंवा लढाई मागे टाकून आले असतील. पण कोण दोषी, हा प्रश्न निराळा आणि आज वाटणी कशी आहे, हा निराळा. पहिल्याचे उत्तर मिळाले नाही म्हणून दुसरा टाळता येत नाही.

याच खडकावर आपण खालचे आहोत तसे वरचेही आहोत. जुन्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती आणि पुढे तिथल्या कारभारात हिंदी व मराठी दोघींनाही स्थान होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आपला सौंसर-पांढुर्ण्याचा पट्टा नव्या मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून कचेरी, न्यायालय, वरचे शिक्षण आणि नोकरी यांची भाषा हिंदी. घर, शेत, भजन आणि लग्नाचे मांडव यांची भाषा मराठी, अशी वाटणी होत गेली. भाषाशास्त्रज्ञ जोशुआ फिशमन यांचा सिद्धांत असा, की एका समाजात दोन भाषा दीर्घकाळ टिकायच्या तर त्यांची कार्यक्षेत्रे वेगळी असावी लागतात. एकच काम दोन्ही करू लागल्या, की एक अनावश्यक ठरते. गाऊझेच्या नळीतलाच हा नियम आहे. त्या दृष्टीने आपली मराठी टिकली ती तिला स्वतःचा कोनाडा होता म्हणून, हे मान्य केले पाहिजे. हिंदीशी आपले वैर नाही, असण्याचे कारणही नाही. ती आपल्यालाही अन्न देते.

पण कोनाडा टिकणे आणि कोनाडा आक्रसत जाणे यांतला फरक घरातल्या माणसाला उशिरा कळतो. आजोबा हिशेब मराठीत लिहीत, वडील पत्रे मराठीत लिहीत, मुलगा मराठीत बोलतो, नातू समजू शकतो. प्रत्येक पिढी म्हणते की आमच्या घरी मराठी आहे, आणि प्रत्येक पिढीत ते खरेही असते. ज्या भाषेत मूल फक्त जेवायला मागते आणि जिच्यात त्याला कधी शंका विचारता येत नाही, वाद घालता येत नाही, ती भाषा वरच्या कोरड्या खडकावर आहे. घटनाकारांच्या परंपरेला याची जाण होती. १९५६ च्याच सातव्या दुरुस्तीने घटनेत आलेले कलम ३५० क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगते. ही सोय मागणे म्हणजे दुसऱ्याचा कोनाडा बळकावणे नव्हे. खडकावरून खाली येण्याची वाट मोकळी असावी, एवढेच ते मागणे आहे. आणि जे आपण हिंदीकडे मागतो, तेच आपल्या अंगणातल्या गोंडीला आणि पवारीला आपण दिले आहे काय? 'शुद्ध' मराठीच्या आग्रहाने घरच्या बोलीला हसणारा माणूस आपल्या भाषेवरील अन्यायाविषयी बोलू लागला, की ऐकणाऱ्याने कोणत्या चेहऱ्याने ऐकावे?

मग निसर्गापासून काहीच शिकायचे नाही काय? एक गोष्ट आहे. ती उपदेश म्हणून नव्हे, तर नांदण्याची अट म्हणून. आल्फ्रेड लोटका आणि व्हितो व्होल्तेरा यांनी १९२० च्या दशकात मांडलेल्या गणितातून, आणि पुढे पीटर चेसन यांच्यासारख्यांच्या कामातून, असे निष्पन्न झाले की दोन जाती कायम एकत्र राहण्यासाठी प्रत्येकीने शेजारणीपेक्षा स्वतःलाच अधिक आवरले गेले पाहिजे. वाघाला सर्वांत अधिक अटकाव वाघाचाच होतो. एकाचे क्षेत्र दुसरा नर सहन करीत नाही, म्हणून वाघ रानभर दाटत नाहीत आणि इतरांना जागा उरते. सर्वांत तीव्र झुंज सारख्या-सारख्यांतच होते, हे डार्विननेही १८५९ मध्ये नमूद केले होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड घेऊन उभे राहतात. भाषा एक, देवी एक, सोयरिकी एकमेकांत, आणि तरी या गोटमारीत माणसांचे जीव गेले आहेत. परकेपणाने माणसे लढतात हा समज तिथे खोटा ठरतो.

रानात हे आवरणे सद्गुण नसते, ती केवळ दाटीची परिणती असते. माणसाला मात्र ते समजून-उमजून करता येते, आणि त्याची नीती सुरू होते ती इथेच. बलवंताने आपल्या वाढीला स्वतःच अडवावे, म्हणजे दुर्बळाला कोनाड्याची भीक मागावी लागत नाही. बागायतदाराने बोअर आणखी खोल नेण्याआधी गावाच्या विहिरीकडे पाहावे. बहुसंख्यांच्या भाषेने कचेरीतली एक खिडकी मोकळी ठेवावी, आणि आपल्या मराठीने आपल्या ओसरीवरची. वाघाने बिबट्याला उपदेश करण्याची गरज नसते. त्याने पोट भरल्यावर थांबणे पुरेसे असते.

ब्रिटिशांच्या काळात पांढुर्णा हे सौंसर तहसिलीतले गाव होते. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. नवा जिल्हा म्हणजे नवे घर बांधण्यासारखेच आहे. कचेऱ्या, शाळा, रस्ते, पाण्याच्या योजना यांच्या भिंती आता उभ्या राहत आहेत, आणि कोणाला कुठे जागा मिळणार हे याच वर्षांत ठरत जाणार आहे. आपल्या जुन्या घराण्यांचा शब्द इथे अजून ऐकला जातो. 'सगळे आपापल्या जागी सुखाने नांदतात' असे म्हणण्याऐवजी, त्या जागा कोणी ठरविल्या आणि तिथून उठून दुसरीकडे बसायची कोणाला मुभा आहे, हे आपण बैठकीत विचारू लागलो, तर त्या शब्दाचा उपयोग झाला असे म्हणता येईल.